चार दिवस नवऱ्याच्या हातचं

रेल्वेतल्या माणसाची बदली झाली की सगळा संसार एका वॅगनमध्ये मावतो. पेट्या, पाटा-वरवंटा, शिवणाचं मशीन, तुळशीचा डबा, सगळं जातं. मावत नाहीत ते फक्त किस्से. ते कुणी बरोबर नेत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. आमच्या दौंडच्या क्वार्टर्समधल्या आम्ही दोघी-तिघी आजही एखाद्या लग्नात भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुनांची. पंगत बसेपर्यंत बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. कुणाच्या नवऱ्यानं काय करपवलं होतं!

स्वातंत्र्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. लोको शेडच्या मागं आमची क्वार्टर्सची ओळ होती. कुणी ड्रायव्हर, कुणी गार्ड, आमचे हे फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारे. घरात नवरा, बायको आणि पोरं, एवढंच. सासू गावाकडं, जाऊ गावाकडं, नणंदा आपापल्या घरी. त्यामुळं महिन्याचे ते चार दिवस आले आणि बाई बाजूला बसली, की स्वयंपाक करायला घरात उरायचा कोण? नवरा!

गावात असं काही घडलं असतं तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. दौंडात मात्र त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बाई व्हरांड्यात पोत्यावर बसायची आणि पुरुष आत धुरात खोकायचा. चार दिवस झाले की बाई डोक्यावरून पाणी घेऊन आत यायची, आणि पुरुष मोठ्या लढाईवरून आल्यासारखा कट्ट्यावर जाऊन बसायचा.

*

आमच्या शेजारी कुलकर्णी गार्ड होते. माणूस नियमाचा पक्का. सिग्नल मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत, घरातसुद्धा!

वहिनी व्हरांड्यात बसल्या की ते आतून एकेक गोष्ट विचारायचे. "अहो, मोहरी टाकू का?" "अहो, मीठ किती?" वहिनींनी उत्तर द्यायच्या आधीच ओळीतल्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओरडायचं, "दोन चिमटी टाका, गार्डसाहेब!" मग आणखी एकजण, "आमच्याकडं तीन टाकतात!" एकदा त्या आमटीत सगळ्या ओळीचं मीठ पडलं.

वहिनी लाजेनं अर्ध्या झाल्या. शेवटी गार्डसाहेबांनीच तोड काढली. आपल्या ड्यूटीच्या काळ्या पेटीतले दोन झेंडे काढून त्यांनी वहिनींच्या पुढ्यात ठेवले. हिरवा दाखवला की घाला, लाल दाखवला की उतरवा. तोंडानं एक शब्द नाही! वहिनी खिडकीसमोर बसून झेंडे दाखवायच्या आणि आत फोडणी वेळेवर सुटायची.

हे बघून एक म्हातारी गँगमनीण, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनची बायको, हळहळली. कापडाला विटाळ लागतो, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "सायेब, बाजूला बसलेल्या बाईच्या हातातलं फडकं घिऊन तुमी उद्या गाडीवर जानार?"

गार्डसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सरकारी मालाला विटाळ लागत नाही!"

*

पलीकडच्या क्वार्टरमध्ये ड्रायव्हर शमुवेलमामा आणि रूथमामी राहायची. दोघंही मराठी ख्रिस्ती. मामी शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली, त्यामुळं बोलायला खणखणीत. त्यांच्यात बाजूला बसायची रीत नव्हती. म्हणजे मामी महिन्याचे तीसही दिवस चुलीपाशी!

आम्ही बायका व्हरांड्यात निवांत पाय पसरून बसायचो आणि मामी तेवढ्यात चार वेळा आत-बाहेर करायची. एक दिवस तिनं पदर खोचला आणि मामांपुढं उभी राहिली. "माझ्या आज्यानं धर्म बदलला, ते चांगलंच केलं. पण बायकांची सुट्टी कुठं गेली, ते कुणी विचारलंच नाही!"

मामा साधे. त्यांना ते पटलं. त्यांनी स्वतःच जाहीर केलं की देवानं जग घडवून सातव्या दिवशी आराम केला, म्हणून रविवार हा आरामाचा वार आहे, तर रविवारी मामीनं चुलीकडं बघायचं नाही. तेव्हापासून ड्यूटी नसली की देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, आल्यावर मामा मटण शिजवायचे. त्याच्या वासानं आमची अख्खी ओळ कासावीस व्हायची. कुलकर्णी गार्ड तेवढे खिडक्या लावून घ्यायचे.

मामी त्या दिवशी खुर्ची टाकून बाहेर बसायची. एकदा मी मामांना विचारलं, "मामा, रविवार आरामाचा. मग तुमचा आराम कधी?"

मामा मसाला वाटत होते. मान वर न करता म्हणाले, "देवानं आराम केला, कारण त्याला बायको नव्हती!"

*

आता आमच्याबद्दल. लग्नानंतर मी पहिल्यांदा बाजूला बसले, तेव्हा आमचे हे मोठ्या तोऱ्यात शेगडीपुढं बसले. बाहेरगावी मुक्कामाला असलेल्या रेल्वेच्या रनिंग रूममध्ये चार पुरुषांत राहून ते थोडंफार शिकले होते. इंजिनाच्या फावड्यावर वांगी भाजून खाल्लेला माणूस. विस्तवाचं त्यांना काही नवल नव्हतं.

तीच अडचण झाली. आमच्याकडं इंजिनातून अर्धवट जळून पडलेला दगडी कोळसा जाळायचे. ह्यांना शेगडीही इंजिनासारखीच दिसली. कोळसा घालतायत, हवा घालतायत, परत कोळसा घालतायत. मी बाहेरून ओरडतेय, "अहो, पुरे!" आतून उत्तर, "प्रेशर धरू दे!"

डाळ शिजली, खोटं कशाला बोलू? पण माझ्या माहेरच्या पितळी पातेल्याची कल्हई पार वितळून गेली. कल्हईवाला आल्यावर मी ते त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "बाई, घरात काय इंजान हाय का?"

मी म्हटलं, "हाय की. आत्ता सोलापूरला गेलंय, गाडी घेऊन."

*

पण हळूहळू ह्यांचा हात बसला. भाकरी तर अशी जमायला लागली की माझी मलाच खाववेना. माझी भाकरी जरा जाडच.

अशातच मला दौंडातल्याच एका शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. ही नोकरी मला फार हवी होती. पोरं "बाई, बाई" करत मागं लागली की मला माझी उंची वाढल्यासारखी वाटायची. अडचण एकच. शाळा सकाळची, आणि ह्यांची ड्यूटी कधी सुटेल याचा नेम नाही. मग जो घरात असेल तो स्वयंपाक करेल, असं आमचं ठरलं. माझे चार दिवस संपले, तरी ह्यांचं शेगडीपुढचं बसणं काही सुटलं नाही.

इथं खरी भीती होती. चार दिवस नवऱ्यानं केलं तर तो धर्म. पाचव्या दिवशी केलं, की तो बाईलवेडा! म्हणून आमचा शिरस्ता असा की माझे चार दिवस असले की दार उघडं, एरवी हे भाकऱ्या थापत असले की दाराला कडी.

एकदा शेडचा माणूस ड्यूटीचा निरोप घेऊन आला आणि कडी वाजवत सुटला. हे तसेच उठले. कोपरापर्यंत पीठ!

"हाताला काय वो, दादा?"

"चुना. घर रंगवतोय."

त्यानं शेडमध्ये जाऊन सांगितलं की फायरमन स्वतःच्या हातानं सरकारी घर रंगवतोय. बातमी साहेबापर्यंत गेली. साहेबाला वाटलं, माणसं वैतागून स्वतःच रंगवायला लागली, आता वर तक्रार जाणार. पंधरवड्यात चुन्याच्या बादल्या घेऊन गडी हजर! आमची अख्खी ओळ पांढरीफेक झाली. कितीतरी वर्षं ओळीतले लोक अर्ज करून थकले होते, आणि चुना लागला तो आमच्या भाकरीच्या पिठामुळं.

*

माझी धास्ती होती ती सासूबाईंची. त्या केंदूरला असायच्या, मळ्यात. बोलायला फटकळ, कामाला वाघ. माझ्या नोकरीला त्यांनी हो म्हटलं होतं, पण एका अटीवर.

झालं असं की यात्रेला आम्ही केंदूरला गेलो होतो. जेवण झाल्यावर हे सवयीनं उठले आणि स्वतःचं ताट घेऊन मोरीकडं निघाले. सगळी पंगत बघायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, "रेल्वेत ताटं बी धुवाया लावत्यात व्हय रं?"

"व्हय आये. रूल हाय."

सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "मंग इंजान कोन धुतं?"

"ते बी मीच."

"लई राबवून घेत्यात मेले!" असं म्हणून सासूबाईंनी ताट हिसकावून घेतलं. पण त्या काही खुळ्या नव्हत्या. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुशीला, पोरं शिकव, माजं काय म्हननं न्हाई. पर माज्या लेकाला चुलीम्होरं बसवलंस, आन् मला कळलं, तर त्याच दिशी साळा बंद. आबा सोता येत्याल तुला न्यायला."

त्या बोलतात ते करतात, हे मला पुरतं माहीत होतं. त्या दिवसापासून मी दाराला दोन कड्या लावायला लागले.

*

पुढं उन्हाळा आला. पत्र्याखाली अशी काहिली की दार लावून शेगडीपुढं बसणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी दार सताड उघडं. हे आत भाकऱ्या थापत होते, मी व्हरांड्यात पोरांच्या पाट्या तपासत होते. चार दिवसांचा काही संबंध नव्हता.

मान वर केली तर समोर सासूबाई! शिरूरहून एस.टी.नं आल्या होत्या. डोक्यावर पिठाचं गठुडं, हातात वांग्यांची पिशवी. त्यांची नजर माझ्यावरून थेट आत गेली. आत लेक, हातात भाकरी, कपाळाला पीठ.

नोकरी गेली, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात शेजारच्या व्हरांड्यातून कुलकर्णी वहिनींचा आवाज आला, "या मावशी! शिवू नका हं सुशीलाबाईंना, त्या बाजूला बसल्यात!"

मी पाट्या तिथंच ठेवल्या आणि सरकत सरकत पोत्यावर जाऊन बसले. सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला. "असं व्हय," म्हणाल्या. "रेल्वेत ऱ्हाऊन बी पाळतीस, हे बरं हाय." मग आत जाऊन लेकाला म्हणाल्या, "ऊठ. म्या आली न्हवं आता."

पण त्यांचा जन्म गेला लाकडाच्या चुलीपुढं. दगडी कोळशाची ही शेगडी त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांनी फुंकणी घेऊन फुंकलं, मग पाणी शिंपडलं, मग परत फुंकलं. घरातून असा धूर निघाला की रूथमामी बादली घेऊन धावत आली. सासूबाई डोळे पुसत, खोकत बाहेर आल्या. हे म्हणाले, "आये, तू बस पाटावर. मी वाढतो."

त्या बसल्या. मला व्हरांड्यातून सगळं दिसत होतं. ह्यांनी शेगडी परत धरवली, निखाऱ्यावरून टम्म फुगलेली भाकरी उचलली आणि तशीच आईच्या ताटात टाकली.

केंदूरला मी सासूबाईंना कधी गरम जेवताना बघितलं नव्हतं. आधी आबा, मग दीर, मग मळ्यातले गडी, मग पोरं. सगळ्यांचं झालं की तव्यामागची गार भाकरी घेऊन त्या भिंतीला टेकायच्या. आज त्यांनी भाकरीचा पापुद्रा मोडला, वाफ निघाली आणि त्यांनी हात मागं घेतला. मग फुंकर घालून पहिला घास घेतला.

"आनखी एक?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी ताट तेवढं पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "साळंत इटाळ चालतो का?"

"तिथं कोण विचारत नाही, आत्याबाई."

"मंग हितं बसून काय करतीस? जा की."

मी रोज शाळेत जात होते आणि घरी येऊन पोत्यावर बसत होते. हे ड्यूटी बघून दोन्ही वेळचं करत होते. सासूबाई पाटावर बसून वांग्याच्या भरताला नावं ठेवत होत्या आणि परत घेत होत्या.

चार दिवस झाले. त्या सकाळी मी लवकर उठून डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस बांधले आणि आत आले. सासूबाई आधीच पाटावर बसल्या होत्या, ताट पुढं घेऊन. हे पीठ मळत होते. मी परातीला हात लावणार, तेवढ्यात सासूबाईंनी दाराकडं बघितलं, वहिनी बाहेर नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या,

"सुशीला, आनखी दोन दिस बस की बाजूला."