चाकांसकट किंमत

मी चौथीत असताना अण्णांनी वालचंदनगरला जाऊन एक लोखंडी कपाट विकत घेतलं. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीतले एक साहेब निवृत्त झाले होते. ते आणि काकू नाशिकला राहायला चालले होते आणि जड सामान विकून टाकत होते. कपाटाचा सौदा दोन मिनिटांत झाला. साहेबांनी नऊशे सांगितले, अण्णांनी साडेसातशे म्हटलं, आठशेवर दोघांचं जुळलं आणि चहा आला.

त्या चहाच्या वेळात मी पलंगाखाली वाकून बघत होते. तिथं एक चपटं खोकं होतं आणि त्याच्या झाकणावर क्रेनचं चित्र होतं. काकूंनी ते ओढून माझ्यापुढं ठेवलं. आत ओळीनं भोकं पाडलेल्या हिरव्या-लाल लोखंडी पट्ट्या, पत्र्याचे तुकडे, दांडे, चाकं आणि डबीभर नटबोल्ट. हे सगळं जोडून म्हणे क्रेन होते, पूल होतो, ट्रक होतो. आम्ही सांगवीची पोरं ज्वारीच्या चिपाडांच्या गाड्या करायचो, बाभळीचे काटे टोचून. त्या गाड्या दुपारपर्यंत टिकल्या तर आम्हाला अभिमान वाटायचा. इथं तर खरा लोखंडी नट खऱ्या बोल्टवर फिरत होता.

“आवडलं?” काकू म्हणाल्या. “घेऊन जा. आमचा मुलगा आता नोकरीला लागला, मिशा फुटल्या त्याला. कोण खेळणार?”

मी खोकं छातीशी धरलं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

“किंमत सांगा, वहिनी.”

“अहो गुरुजी, बारा वर्षांचं जुनं खेळणं आहे! कसली किंमत?”

“जुनं आहे, पण चांगलं आहे. किंमत असणारच.”

साहेबांनी तोडगा काढला. “बरं, पाच रुपये द्या.”

“पाच ही किंमत नाही साहेब,” अण्णा हसत म्हणाले, पण नकाराची मान हलली ती हललीच. “पाच म्हणजे फुकटच. मी हिशेब करून पुढच्या रविवारी येतो. तोवर कुणाला देऊ नका.”

त्यांनी माझ्या हातातून खोकं काढून घेतलं, झाकणाच्या आत छापलेली सुट्या भागांची यादी खिशातल्या वहीत उतरवली आणि आम्ही एसटीत बसलो. बारामती येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांचं असं का होतं ते मला तेव्हा अर्धंच कळायचं. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावातल्या मोठ्या घरांतून उतरलेले कपडे, उरलेलं अन्न आमच्या वस्तीत यायचं आणि मान खाली घालून ते घ्यावं लागायचं. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या वर्षी आजोबांनी ते बंद केलं ते कायमचं. वापरलेलं घ्यायला त्यांची हरकत नव्हती, फक्त ते विकत घ्यायचं. अण्णांची सगळी पुस्तकं जुनी होती, सायकल जुनी होती, आता कपाटही जुनं आलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीचे पैसे दिलेले होते. कॉलनीतल्या काकूंना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, आणि अण्णा ते सांगणाऱ्यांपैकी नव्हते.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. बारामतीच्या बाजारात वांग्यांवर आठ आणे कमी करायला ती तीन वेळा उठून जायची आणि तीन वेळा परत यायची.

“समोरची बाई फुकट देतीय, आन् तुमी भाव वाढवताय?” ती म्हणाली. “असली घासाघीस मी जन्मात बघितली न्हाय.”

“मी वाढवत न्हाय गं. बरोबर किंमत काढतोय.”

“मग काढा. पर आदी दळान आना.”

आठवडाभर अण्णांनी किंमत काढली. शाळा सुटल्यावर ते मला घेऊन बारामतीच्या पेठेत खेळण्यांच्या दुकानात गेले. तसाच नवा खेळ तिथं दोनशे पंचवीस रुपयांना होता. अण्णांनी दुकानदाराला विचारलं, हाच खेळ बारा वर्षं वापरलेला असेल तर त्याचं काय यावं?

“गुरुजी, दुकानाच्या पायरीवरनं खाली उतरला की तो जुना,” दुकानदार म्हणाला. “मग बारा दिवस काय आन् बारा वर्सं काय. मी न्हाय परत घेत.”

तिथून आम्ही भंगारवाल्याकडं गेलो. त्याचा प्रश्न एकच होता. “वजन किती?” अण्णांनी हातानं अंदाज केला, दीड किलो. “लोखंडाचं पाच रुपये किलो. साडेसात झालं. आना.”

आता एका टोकाला साडेसात आणि दुसऱ्या टोकाला दोनशे पंचवीस, आणि मधे अण्णा. त्यांनी वहीत प्रत्येक भागाला वेगळा दर लावला, कारण नट आणि चाक सारखे कसे? मोठं चाक आठ रुपये, कप्पी चार रुपये, पट्टी तिच्या लांबीप्रमाणे, नटबोल्टाची जोडी चार आणे. सगळ्याची बेरीज बरोबर दोनशे पंचवीस यावी म्हणून ते दोन संध्याकाळी खोडत बसले होते. मग वापरलेलं म्हणून सगळ्याचे निम्मे. हरवलेल्या भागांचे पैसे वजा. गणिताच्या पेपराला शोभेल असं काम होतं. फक्त उत्तर ऐंशीच्या आत यायला हवं होतं, कारण कपाट घेतल्यावर महिन्याचं उरलेलं तेवढंच होतं.

रविवारी आम्ही पुन्हा काकूंच्या घरी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. मी एकेक भाग मोजायचा, अण्णांनी वहीत खूण करायची असं ठरलं. साहेब आरामखुर्चीत बसून गंमत बघत होते. पण ते इंजिनीअर होते, फार वेळ नुसतं बघणं त्यांना जमलं नाही.

“गुरुजी, निम्मे कुठून आले? आमच्याकडं मशिनचा वर्षाला दहा टक्के घसारा धरतात. बारा वर्षं झाली. म्हणजे याची किंमत शून्याच्या खाली गेली. मीच तुम्हाला पंचेचाळीस रुपये देणं लागतो.”

“मशीन झिजतं साहेब,” अण्णा म्हणाले. “पट्टी झिजत नाही. भोकं मोजून बघा, होती तेवढीच आहेत.”

साहेबांनी खरंच एक पट्टी उचलून भोकं मोजली. “रंग गेलाय त्याचं काय?”

“रंगाचे धरलेत मी. पाव रुपया पट्टीमागं.”

“गंज?”

“गंज कुठाय? वहिनींनी तेल लावून ठेवलंय.”

“तेलाचे पैसे लावू नका आता,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

पट्ट्या संपल्या, पत्रे संपले. हरवलेलं फारच थोडं निघालं. पाना नव्हता, काही नट नव्हते, एक दांडा वाकडा होता. अण्णा मधेच थांबून मला हळूच म्हणाले, “शंभराच्या वर जातंय गं. जास्त झालं तर पुढच्या पगाराला नेऊ.” पुढच्या पगारापर्यंत हे लोक नाशिकला गेलेले असणार, हे अण्णांच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. माझा चेहरा पडला असणार, कारण काकू दारातून उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

“मीही मोजते,” त्या म्हणाल्या.

अण्णा आणि साहेब तेव्हा वाकड्या दांड्यावर वाद घालत होते. तो सरळ करता येतो म्हणून पूर्ण धरायचा, की वाकडा म्हणून अर्धा? दोघंही दांड्याकडं बघत असताना काकूंनी चारही मोठी चाकं, दोन्ही कप्प्या आणि क्रेनचं हँडल शांतपणे पदरात घेतलं. मी बघतच राहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि चहाचं आधण बघायला म्हणून त्या आत गेल्या.

“चाकं मोठी, चार,” अण्णांनी यादी वाचली.

मी वर्तमानपत्रावर बघितलं, मग छताकडं बघितलं. “न्हाईत.”

“एकपण न्हाय?”

“न्हाय.”

“मगाशी दिसल्यासारखी वाटली.” अण्णांनी वही खाली ठेवून पलंगाखाली डोकं घातलं. साहेबांनी एकवार स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि पलंगाखालच्या अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मुलानंच हरवली असतील हो. चाकं पहिली जातात.”

किंमत निघाली सत्त्याहत्तर रुपये. अण्णांनी मोजून दिले, साहेबांनी मोजून घेतले, आणि निघताना काकूंनी माझ्या हातात एक पितळी डबा दिला. “चिवडा आहे. घरी गेल्यावरच उघड.”

चिवडा घ्यायला अण्णांची ना नव्हती, कारण डबा परत करताना आपलंही काही न्यायचं असतं. एसटीत मी तो डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. गाडी खड्ड्यात गेली की आतून खळ्ळकन आवाज यायचा. अण्णा म्हणाले, “चिवड्यात खोबरं मोठं घातलेलं दिसतंय.” मी हो म्हटलं.

घरी आईनं ताटात डबा उपडा केला. चिवड्याच्या ढिगावर चार चाकं, दोन कप्प्या आणि हँडल. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अण्णांनी एक चाक उचललं, त्याला चिकटलेली डाळ काढली आणि माझ्याकडं बघितलं.

“तुला ठावं हुतं?”

मी मान खाली घातली. ते मला रागावले नाहीत. वही काढली, चार चाकांचे सोळा, कप्प्यांचे चार, हँडलचे चार, असे चोवीस रुपये मांडले आणि चाकं फळीवर ठेवून दिली. पैसे पोचेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तो आठवडा मी बिनचाकांचा ट्रक जमिनीवर घासत काढला.

चोवीस रुपये अण्णांनी कुठून तरी उभे केले आणि तिसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. घर निम्मं खोक्यांत भरलेलं होतं. अण्णांनी रिकामा डबा काकूंच्या हातात दिला, बरोबर आणलेली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी खाली ठेवली आणि खिशातून पाकीट काढून पुढं केलं.

“चाकांचे राहिले होते, वहिनी.”

काकूंनी पाकिटाला हात लावला नाही. त्या पिशवीकडं बघत होत्या. “या शेंगा कितीच्या?”

“त्या व्हय? त्या घरच्या हायत. आपल्या रानातल्या.” गडबडले की अण्णांच्या तोंडी घरची भाषा यायची.

“म्हणजे पैसे नाही घेणार तुम्ही?”

“शेंगांचं कसलं पैसं घ्यायचं वहिनी!”

“मग चाकंही घरचीच आहेत,” काकू म्हणाल्या. “खोकं तुम्ही विकत घेतलंत. भाव तुम्ही लावलात, आम्ही ऐकला. चाकं मी मुलीला दिली. ते पाकीट इथं ठेवायचं असेल तर शेंगा परत न्या.”

साहेब खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. अण्णांनी हातातल्या पाकिटाकडं बघितलं, मग शेंगांकडं. मला वाटलं, आता शेंगा उचलणार आणि आपण निघणार. पण मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, ते चेहऱ्यावर यायला थोडा वेळ लागला.

“वहिनी, तुमच्यापुढं माझं गणित कच्चं हाय,” ते म्हणाले आणि पाकीट खिशात गेलं. मग साहेबांच्या हातातली सुतळी घेऊन ते खोकी बांधायला बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांचं सामान बांधत होतो. काकू शेंगा भाजून आणत होत्या आणि सगळे मिळून खात होतो.

मी पुढं इंजिनीअर वगैरे झाले नाही. त्या खेळाशी खरं म्हणजे माझ्यापेक्षा अण्णाच जास्त खेळले. परत आल्यावर त्याच रात्री ते क्रेन जोडायला बसले, आणि क्रेन उभी राहिली तेव्हा तिच्या दोरीला आईचा तांब्या अडकवला. हँडल फिरवलं की तांब्या जागेवर राहायचा आणि क्रेनच पुढं कलंडायची. अण्णांनी बुड रुंद केलं, पट्ट्या वाढवल्या, चित्र उलटं धरून बघितलं. शेवटी भाकऱ्या थापता थापता आई उठली, पाट्यावरचा वरवंटा आणून तिनं क्रेनच्या बुडावर ठेवला आणि परत चुलीपुढं जाऊन बसली. अण्णांनी हँडल फिरवलं. भरलेला तांब्या हळूहळू वर गेला, एकदा झुलला, आणि निम्मं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं.