वायपरचा फ्यूज

आमच्या गाडीत झालेला बिघाड मी स्वतः, पूर्ण शुद्धीत आणि अत्यंत चांगल्या हेतूने केला होता.

मी सायली गावातल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळत असल्यामुळे चटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. (माझी बायको वैशाली याला सावधपणा म्हणत नाही. ती वेगळा शब्द वापरते.)

तर आमची ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून सुटताना धक्के द्यायला लागली. शुक्रवारी सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायचं होतं, म्हणजे जव्हारचा घाट चढायचा होता. जवळच सामरवरणी गावात नुकतंच एक वर्कशॉप उघडलं होतं, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. चालवणाऱ्या रेखाताई मूळच्या धुळ्याच्या.

"दाखवून तर येऊ," वैशाली म्हणाली.

"आधी त्यांची परीक्षा घेतो."

माझी योजना साधी होती. वायपरचा फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि वर्कशॉपमध्ये सांगायचं, धक्के बसतातच, शिवाय वायपरही बंद आहे. 'काही नाही, फक्त फ्यूज गायब आहे' म्हणाल्या, तर प्रामाणिक. 'मोटर गेली' म्हणाल्या, तर नमस्कार करून परत. बुधवारी सकाळी स्टिअरिंगखाली डोकं घालून, झाकणावरचा नकाशा बघून मी फ्यूज उपटला. नकाशा उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

गाडी सुरू झाली, पण गिअरचा दांडा पार्किंगमधून हलेना. मी ओढला. वैशालीने ओढला. सोसायटीच्या वॉचमनने आत बसून दोन्ही हातांनी ओढला आणि उतरून म्हणाला, "साब, गिअरबॉक्स तो गया."

ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. वैशालीने मला काही न विचारता रेखाताईंना फोन लावला.

वीस मिनिटांत त्या स्कूटरवरून आल्या. दांड्याला हात लावला नाही की बॉनेट उघडलं नाही.

"साहेब, ब्रेक दाबा जरा," म्हणाल्या आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "मागचे लाइट लागत नाहीत. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही, मग ती गिअर कशी सोडणार?" मग वाकून फ्यूजचं झाकण उघडलं. "इथला फ्यूजच नाहीये. जळलेला नाही बरं का, काढलेला आहे. कोणी काढला?"

मी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने आकाशाकडे पाहिलं.

"जावईबापूंनी काढला," पायरीवर बसलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "उजव्या खिशात टाकला."

(ज्या डोळ्यांना पेपरातला मथळा वाचता येत नव्हता, त्यांची ही कामगिरी.)

मी फ्यूज काढून दिला. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. "तुमची परीक्षा घ्यायची होती," मी म्हणालो. "पण वायपरच्या फ्यूजवर."

रेखाताई हसल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. त्यांनी फ्यूज बसवला, शेजारी वैशालीला घेऊन गाडी सामरवरणीपर्यंत फिरवून आणली आणि म्हणाल्या, "गिअरबॉक्स एकदम ठीक आहे. इंजिन ज्या रबरावर बसतं, त्यातलं एक फाटलंय, म्हणून धक्के. ते कोणीही बदलून देईल, त्यासाठी माझ्याकडेच यायला पाहिजे असं नाही."

गिऱ्हाइकाला दुसरीकडे जा म्हणणारा मेकॅनिक मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

"तुम्हीच बदला," मी म्हणालो.

रबर गुरुवारी बदललं. शुक्रवारी गाडी जव्हारचा घाट असा चढली की सासूबाईंना झोप लागली. ऑपरेशनही छान झालं.

परतल्यावर तेल बदलायला आम्ही तिघंही वर्कशॉपमध्ये गेलो. आता इथलं नेहमीचं गिऱ्हाईक व्हायचं, हे माझं ठरलं होतं. रेखाताईंनी नवीन कार्ड भरायला घेतलं.

"गाडीबद्दल काही विचारायचं झालं, तर नंबर कोणाचा लिहू?"

"माझा," वैशाली म्हणाली.

"तिचाच," सासूबाई म्हणाल्या.

आता मात्र बोलायलाच हवं, म्हणून मी पुढे सरसावलो, घसा खाकरला आणि बायकोचा नंबर सांगितला.