सुनेची पहिली आरती

भारतापासून दूर, समुद्रातल्या आमच्या बेटावर, व्हाकोआ शहरातल्या घरी गणपती दीड दिवसाचा. बाबा सरकारी ऑफिसातून रजा काढून आरती म्हणायचे, आम्ही भावंडं टाळ्या पिटायचो. एरवी घरात बोलणं सगळं बेटावरच्या क्रिओल बोलीत, मराठी काय ती तेवढीच. तरी मी स्वतःला पक्की मराठी मुलगी समजत होते. काय मिजास होती!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन लालमती गावी, शेतकऱ्यांच्या घरात आले. तिथली रीत अशी, की पहिल्या गणपतीला नव्या सुनेने आरती सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायची. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? जन्मभर म्हणत आले होते.

ओसरीवर दीर, चुलत सासवा, शेजारणी, सगळे दाटीने उभे. माझी आईसुद्धा दोन बस बदलून खास आलेली. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. पहिली ओळ म्हटली. दुसरीचं नुसतं टोक आठवलं. तिसरीचंही तसंच. जन्मभर मी बाबांच्या आवाजामागे गुणगुणत होते आणि ओळीचं टोक आलं की तेवढंच जोरात ओरडत होते, हे तिथे, सगळ्यांसमोर कळलं. झांजा थांबल्या. एक शेजारीण पुटपुटली, की शहरातल्या आयांना मुली शिकवायला वेळ कुठे असतो.

ते आईने ऐकलं. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तिने आरती उचलली. माझा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच ओळीला तीही अडली, आणि तिच्याही तोंडून नुसती टोकं बाहेर पडायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी सासूबाईंनीच आरती पुरी करून वेळ मारून नेली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

संध्याकाळी आईला बसपर्यंत सोडायला गेले. लाजेचा राग झाला होता, आणि तो काढायला हक्काचं दुसरं कोण होतं? फटकन बोलले, की इतकी वर्षं घरात गणपती बसतो, तुला साधी आरती येऊ नये?

आईने पदर सारखा केला. "आरतीला मी बाहेर कधी होते गं?" ती म्हणाली. "माहेरीही आत तळणीपाशी, आणि आपल्या घरीही. तेलाच्या आवाजात जेवढं जोरात म्हणाल, तेवढंच ऐकू यायचं."

इतकी वर्षं आरतीला ती आमच्यात नसायची, आणि मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. बस आली, पण माझी मान काही वर होईना.