विहीणबाईंकडची शेवटची बाटली

गारखेड्यातल्या विहीणबाई गेल्याची बातमी मला टास्मानियाहून कळली. मी राहते जुन्या मोंढ्यात, रिक्षानं गेलं तर हातातला चहा निवायच्या आत पोचेन, आणि फोन आला तो समुद्रापल्याडून, सुनेचा. "आई… माझी आई गेली." झोपेतच गेल्या. शेजारणीनं आधी लेकीला कळवलं, मला नाही. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल? मला का नाय सांगितलं, काय लपवतायत? काय करू, स्वभावच तसा. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी गवळ्याला उंबऱ्यावरून हलू देत नाही.

शकुंतलाबाईंवरचा माझा संशय तर लग्नाच्या बैठकीपासूनचा. तेव्हा सांगितलं, "प्रयोगशाळेत नोकरीला होत्या." मला वाटलं, रक्त-लघवी तपासत असतील. साखरपुडा उरकल्यावर कळलं की बाई चिकलठाण्याच्या एका बिअर कंपनीत होत्या, चव बघायला! आणि आमच्या ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी तोंडावर विचारलं, "हे आधी का नाय सांगितलं?" तर म्हणतात कशा, "तुम्ही विचारलंच कुठं? आणि मी गिळत नव्हते हो, थुंकत होते." शंकेची पाल तेव्हा चुकचुकली ती चुकचुकलीच.

माझा निखिल तिकडं थंड मुलखात द्राक्षाच्या मळ्यावर वाईन बनवतो. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं आले तेव्हा पाच बाटल्या घेऊन आले. शार्डोने नावाची पांढरी वाईन, त्याच्या हातची. "एकदम संपवू नका," तो म्हणाला, "दरवर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघींनी मिळून एक उघडा. ती बाटलीत बदलत जाते. काय चव लागली ते मला फोनवर सांगा." आमच्या घरी ठेवायची सोय नव्हती. विहीणबाईंच्या जिन्याखाली एक अंधारी खोली होती, मे महिन्यातसुद्धा गार. त्यांनी खोकं तिथं ठेवलं, वरून ओलं गोणपाट. म्हणजे लेक माझा, हात त्याचा, अन् माल यांच्या ताब्यात! मी काय दूधखुळी आहे? धान्याच्या दुकानात पोत्यांची तोंडं बांधण्यात माझा जन्म गेलाय. "दृष्ट लागायला नको," असं म्हणत मी प्रत्येक बाटलीच्या झाकणावरून मानेपर्यंत काळा दोरा बांधला. गाठ मात्र पोत्याची, माझी, दोनदा आत घेऊन आवळलेली. एकदा सोडली की दुसऱ्याच्या हातून तशी बसतच नाही.

वाढदिवसाला दुपारी मी जायची. त्या बाटली माझ्यासमोर ठेवायच्या, "बसा, मी ग्लास घेऊन येते," म्हणायच्या आणि आत जायच्या. आत भांडी वाजत राहायची, नळ वाहत राहायचा… तेवढ्यात मी चष्मा चढवून गाठ तपासून घ्यायची. वाटायचं, काय पण मी हुशार!

पहिल्या वर्षीची वाईन पाण्यासारखी फिकी, जराशी हिरवट. तोंडात घेतली तर करकरीत कैरी, लिंबाची साल, आणि मागून ओल्या पाट्यासारखं काहीतरी. माझे दात आंबले. पुढच्या वर्षी कैरीचा पेरू झाला होता. तिसऱ्या वर्षी रंग गव्हाच्या काडीवर आला आणि चव लोणी कढवताना तळाशी बेरी बसते ना, तशी. मी ग्लास खाली ठेवला. "ही ती नव्हं. बाटली बदललीत तुम्ही." त्या हसल्या. "व्हय बाई, गारखेड्याच्या किराणा दुकानातून आणली! नीट घ्या, खाली लिंबू लागतंय का बघा." लागत होतं. "थंडीतलं द्राक्ष सावकाश पिकतं, त्यात आंबटपणा लई राहतो. तो आहे म्हणून ही टिकते. आंबट असल्याबिगर काही टिकत नाय, विहीणबाई," आणि माझ्याकडं बघत राहिल्या. टोमणा कळला मला. पण गाठ शाबूत होती, म्हणून ग्लास रिकामा केला. गेल्या वर्षी भाजलेली चारोळी आणि मध होता, आणि खाली तेच लिंबू.

तेरावं झाल्यावर आरती, माझी सून, आणि मी त्या खोलीत गेलो. खोक्यात शेवटची बाटली होती. मी सवयीनं मान बघितली. दोरा काळाच होता, पण गाठ माझी नव्हती! एकदाच आत घेतलेली, वाकडी, ओबडधोबड. खरं सांगते, मला आनंदच झाला. सापडलात, बाई! इतकी वर्षं म्हणत होते ना मी?

"उघड ही," मी आरतीला म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास घेऊन लगेच परत आली. दारामागच्याच फळीवर असतात म्हणे.

मी घोट घेतला. मध होता, गेल्या वर्षीपेक्षा दाट. चारोळीला जर्दाळूची जोड आली होती. गेल्या वर्षी आम्ही दोघी जिथं थांबलो होतो, तिथूनच चव पुढं निघाली होती. आणि सगळ्याच्या खाली, बारीक, हट्टी… लिंबू. बाजारातून आणलेली बाटली हे कुठून आणणार? ही तीच होती. माझ्या लेकाच्या हातची, न उघडलेली.

मग गाठ कुणी सोडली? आरती खोकं आवरत होती. "आई, ही हिंगाची डबी इथं कशाला ठेवली असेल हो?" डबी उघडली. आत काळा दोरा होता, ओल्या गोणपाटानं कुजून तुटलेला, बोट लावलं की भुगा होणारा. आणि मधोमध माझी गाठ. दोनदा आत घेतलेली, तश्शीच. कुजला होता दोरा. गाठ कुणी सोडलीच नव्हती. मी चोरीचा आळ घेईन म्हणून बाईंनी पुरावा जपून ठेवला होता, आणि मला दिसू नये म्हणून माझ्यासारखी गाठ मारायचा प्रयत्नही केला होता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक होतं. मी त्या जिन्याखालच्या खोलीत बसून हमसाहमशी रडले.

ती डबी आता माझ्या देव्हाऱ्याशेजारी असते. हिंगाचा वास अजून गेलेला नाही. संशय माझा सुटायचा नाही, पण आता एकच उरलाय, आणि विचारायला समोर कुणी नाही. ग्लास तर दारामागंच होते हो, विहीणबाई… मग आणायला तुम्हाला इतका वेळ का लागायचा?