दाबलेली शिंक

पत्नी वाकली की तिच्या उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब पडत. सर्दी समजून आम्ही काढे आणि वाफा देत राहिलो. तपासणीत कळले की ते मेंदूभोवतीचे पाणी आहे. मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो, त्याला भोक पडले होते. तिथून जंतू वर गेले तर जिवाला धोका होता. सर्जनबाईंनी नाकावाटेच दुर्बीण घालून, मांडीतली चरबी लावून ते बुजवले आणि त्यावर नाकाच्या पडद्याचे अस्तर, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, वळवून पसरले. घरी सोडताना त्यांनी बजावले, "वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही. तोंड उघडून बिनधास्त शिंकायचं."

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात सारे पथ्य पाळले गेले. देवाला नमस्कारही ती उभ्यानेच करी. एका सकाळी मी कामावर निघालो, चपला घातल्या, आणि मागे तिने नाक चिमटीत धरून शिंक गिळली. क्षणात तिचा वरचा ओठ ओला झाला.

"अगं, का दाबलीस?"

"तुम्ही निघाला होतात ना!"

रत्नागिरी सोडली तरी निघताना कुणी शिंकले की परत फिरण्याची सवय मी सोडली नव्हती. चिडत नसे, मुकाट्याने चपला काढून बसे, पाणी पिई. ते मुकाटपण टाळण्यासाठी ती संसारभर शिंका दाबत आली होती. आणि मी स्वतःला सौम्य स्वभावाचा समजत होतो.

दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड होती. पहिले अस्तर आक्रसले होते, म्हणून पडद्याच्या दुसऱ्या बाजूचे घ्यावे लागले. "हेही सुटलं, तर लावायला जवळचं फारसं काही उरत नाही," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी औषधे आणायला निघालो, तोच मागे ती तोंड उघडून जोरात शिंकली. समोरच्या दारातून शेजारीणबाईंनी विचारले, "भाभी, बम फूटा क्या?"

मी वळून तिचा ओठ पाहिला. बराच वेळ पाहिला. कोरडा होता.

"आता जाताय, की पाणी आणू?" ती म्हणाली.

मी निघालो. औषधांच्या दुकानापर्यंत अपशकुनाची धास्ती मनात होतीच. ती धास्ती गेली असे मी म्हणणार नाही.