हसण्याचा परवाना

जव्हारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही तिघांनी मिळून एक वेबसाइट केली, माणसाला मुद्दाम वैताग आणणारी. बाकीचे गट लायब्ररीची नाहीतर हॉस्पिटलची करत होते. आम्हाला लोकांना हसवायचं होतं. सर म्हणाले, "चालेल. पण बाहेरची तीन माणसं बसवीन. एकानंही फॉर्म शेवटपर्यंत भरला, तर तुम्ही नापास." मी या विषयात आधीच एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो तर मामाच्या कापडदुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. म्हणून मी जीव तोडून वाईट काम केलं.

फॉर्म होता हसण्याच्या परवान्याचा. प्रश्न माझे: हसण्याचं कारण, अंदाजे किती वेळ हसणार, आणि आजोबा हसत असत याचे दोन साक्षीदार. मोखाड्याहून एसटीनं येणाऱ्या मित्रानं 'पुढे'चं बटण असं केलं, की माउस जवळ नेला की ते पळायचं. तिसरी आमची मैत्रीण, दाभोशाकडच्या पाड्यावरची. तिनं वय शून्यापासून एकेक टिचकी मारत वाढवायला लावलं आणि दर पाच मिनिटांनी पाटी टाकली, 'साहेब जेवायला गेले आहेत.'

परीक्षेला पहिला मामाच बसला. चार मिनिटांत मला, कॉलेजला आणि कॉम्प्युटरला शिव्या घालून उठला. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, त्या बटणामागे धावून दमल्या. तिसरा माणूस आलाच नाही. तेवढ्यात मैत्रिणीचे वडील दारात उभे. बाजाराला आले होते, लेकीला नागलीचं पीठ द्यायला. सरांनी त्यांनाच बसवलं. यांनी कधी माउस धरला नसेल, सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

"बा, ही गंमत हाय. खरा फारम नाय," मैत्रीण म्हणाली.

"आसू दे. भरून ठेवलेला बरा."

त्यांनी प्लास्टिकची पिशवी सोडली. तीत दाखले, झेरॉक्स, फोटो, सगळं घर होतं. माउस कसा धरायचा ते लेकीनं एकदा दाखवलं. त्यांनी वयाच्या त्रेपन्न टिचक्या न चुकता मारल्या. बटण कोंबडी धरावी तसं कोपऱ्यात कोंडून धरलं. साहेब जेवायला गेल्याची पाटी आली, की ते हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसायचे. त्यात विनोद आहे हे त्यांना कळलंच नाही. साक्षीदार हवेत म्हटल्यावर जीपस्टँडवर जाऊन पाड्यावरचे दोन म्हातारे घेऊन आले. "ह्याचा आजा लय हसायचा," दोघांनी सरांपुढे गंभीरपणे सांगितलं. हसण्याचं कारण त्यांनी बराच विचार करून लेकीकडून लिहवून घेतलं: भात बरा आला.

अडीच तासांनी शेवटचं पान उघडलं. तिथं कोणी पोचणार नाही या खात्रीनं मी एकच ओळ टाकली होती: 'हसायला परवाना लागत नाही.' ती त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. सरांनी आमच्या नावांपुढे 'नापास' लिहिलं. मैत्रीण स्वतः नापास झाली असूनही तोंड दाबून हसत होती. माझं मात्र डोकं फिरलं.

"काका, गंमत आहे म्हणून सांगितलं होतं ना! कशाला भरलात?"

"रागवू नको. ह्याची एक झेरॉक्स दे. कोनी इचारला तर दाखवाया बरी."

"हसण्याबद्दल कोण विचारणार?"

"कोनी पन इचारील."

राग कुठल्या कुठे गेला आणि मला फार लाज वाटली. मी ती ओळ छापून दिली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"शिक्का?"

सर उठले, कपाटातून विभागाचा शिक्का काढून मारला आणि म्हणाले, सही मात्र याची घ्या. मी सही केली. काकांनी कागदाची घडी घातली, जातीच्या दाखल्याखाली ठेवली, पिशवीला घट्ट गाठ मारली. मग ते हसले.