रणदिव्यांचा जर्मन

ऑफिसात कुणीही नवा माणूस आला, की रणदिवे सर त्याचा दंड धरून आधी त्या चित्रापुढे उभा करायचे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या इंटिरियरच्या ऑफिसात ते मुख्य डिझायनर आणि मी त्यांच्या हाताखाली. चित्र म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी एका जर्मन कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं बंदर. सरांनी ते जर्मनीहून आणलं होतं, आणि सोबत त्या कारागिराचं चरित्रही.

“सोनाराचा पोरगा,” सर सुरू करायचे. “थोरामोठ्या चित्रकारांची चित्रं जन्मभर तांब्यात उलटी कोरली, कागदावर सुलटी उमटावीत म्हणून. डोळे गेले बिचाऱ्याचे! वाहवा चित्रकाराची, आणि आपला जर्मन उपाशी. हा अन्याय बघवत नाही गं मला.” मग चष्मा काढून डोळे पुसायचे. पहिल्यांदा मीही विरघळले होते. पुढे पुढे तो रुमाल खिशातून निघाला की मी काहीतरी काम काढून तिथून उठायचे.

याचं कारण आमच्या ऑफिसातला ज्युनियर, वसईचा मेल्विन. रास अल खैमाच्या एका हॉटेलसाठी त्याने पितळी जाळीचं डिझाइन केलं होतं. रेघ न् रेघ त्याची. त्याला अबू धाबीत मोठी नोकरी मिळायची होती, आणि इंटरव्ह्यूत स्वतःच्या नावाचं एक तरी ड्रॉइंग दाखवायला हवं होतं. सरांनी त्याचं नाव काढून आपलं घातलं.

“सर, प्लीज, एका कोपऱ्यात तरी राहू द्या. फॅमिलीला इकडे आणायचंय,” मेल्विन अक्षरशः गयावया करत होता.

“हबीबी, क्लायंटला एकच नाव लागतं. आपलं काम बोलतं रे! खलास.”

नोकरी हुकली, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मेल्विन वसईला परत गेला. जाळीला बक्षीस मिळालं. ते घेताना सरांनी स्टेजवरून जर्मनाची गोष्ट सांगितली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

गेल्या वर्षी सर निवृत्त होऊन पुण्याला निघाले, तेव्हा ते चित्र मला देऊ लागले. देराच्या बाजारातून नवी फ्रेम करून आणली होती, आणि खाली पितळी पट्टी: ‘रणदिवे संग्रह’. इतक्या वर्षांत सरांनी त्या कारागिराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“सर, तुमच्या जर्मनाचं नाव काय हो?”

“नाव? होतं ना, चित्राखाली, बारीक अक्षरात. पट्टी लावली तर फ्रेममध्ये बसेना गं. फ्रेमवाल्याला म्हटलं, काप ती कड. चित्राला कुठे धक्का लागलाय का, बघ!”

“तुमच्याकडेच शोभतं सर ते,” मी म्हटलं, आणि हात पुढे केला नाही.